उतरल्याशिवाय चावी नाही

देवराव गुरनुले यांच्या घरी पाहुण्याने पंख्याच्या रेग्युलेटरला हात लावलेला चालत नसे. पंखा शून्यावर असला की तो आधी एकवर न्यायचा, पात्यांनी वेग धरला की दोनवर, मग तीनवर. कोणी एकदम पाचवर फिरवला तर देवराव रागवत नसत. उठायचे, पंखा पुन्हा शून्यावर आणायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. आदिलाबादच्या मे महिन्यात, उन्हातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला तेवढा वेळही फार वाटतो. त्यांच्या पत्नी कमलबाई आतून म्हणायच्या, "अवो, पंका हाये तो, मालगाडी नोहोय." देवराव म्हणायचे, "मोटार ते मोटारच," आणि तीनवरून चारवर जायचे.

आमची घरं एका भिंतीची. त्यांचं मूळ घराणं माळ्याचं. वडिलांची नाल्याकाठी वांगी-टमाट्याची वाडी होती, आणि तिच्यातला एक तुकडा शेवटपर्यंत देवरावांकडे होता. पण गल्लीत त्यांना कोणी माळी म्हणून ओळखत नसे. ते पायलटसाब. रेल्वेत कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून ते लागले, मग डिझेलवर गेले, आणि काझीपेट-बल्लारशा मार्गावर विजेची तार आली तेव्हा विजेच्या इंजिनावर आले. पुढची सगळी नोकरी त्यांनी त्या तारेखाली केली आणि निवृत्त होऊन आदिलाबादला परतले. इथे तेव्हा तार नव्हती. आमच्या स्टेशनात डिझेलचाच धूर होता.

मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब बघतो. एखाद्या गोष्टीतले आकडे कळले नाहीत तर ती कळली असं मला वाटत नाही. देवरावांशी माझं जमलं ते त्यामुळेच. त्यांना स्वतःबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपायचे. इंजिनाबद्दल विचारलं की खुर्ची पुढे ओढायचे.

त्यांचं इंजिन म्हणजे डब्ल्यूएजी-पाच. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळमार्ग, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे मालगाडी, आणि पाच म्हणजे त्या जातीतलं पाचवं. ड्रायव्हर लोक नुसतं 'जी-फाइव्ह' म्हणत. चित्तरंजनच्या कारखान्यात ऐंशीच्या दशकात ती बनू लागली आणि नव्वदचं दशक सरता सरता थांबली. तेवढ्यात हजारावर बनली. आराखडा नवा नव्हता. सर्व प्रकारच्या गाड्या ओढणारं एक जुनं इंजिन होतं, त्याच्यावरूनच हे घडवलेलं. फक्त दातेरी चाकांचं प्रमाण बदललं, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. मोटारी आधी फ्रेंच धाटणीच्या होत्या, नंतर जपानी धाटणीच्या आल्या. सहा धुऱ्या, सहा मोटारी, तीन हजार आठशे पन्नास अश्वशक्ती. मी आमच्याकडे कापूस घेऊन येणाऱ्या पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने भाग घालून पाहिला: सत्त्याहत्तर ट्रॅक्टर. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, पण लगेच म्हणाले, "सत्त्याहत्तर ट्रॅक्टर एका दोरीनं बांधा अन् पाहा एका दिशेनं जातेत का. इथं तर सहाच मोटारी एका मतानं चालवाले जिंदगी जाते."

पंख्याचं कोडं मला तेव्हा सुटलं. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट. ते थेट मोटारीला देता येत नाहीत. इंजिनाच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे, आणि त्याच्यावर बत्तीस पायऱ्या. ड्रायव्हरने हँडल पुढे केलं की वीज एकेक पायरीने वाढते. मोटारीत किती वीज जाते ते दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवायचं, काटा खाली येऊ द्यायचा, मगच पुढची पायरी. घाई केली की चाकं जागच्या जागी फिरतात, रूळ घासतात आणि मागचे हजारो टन हलत नाहीत. "ज्याले पहिल्या पायरीवर थांबता आलं नाई, त्यानं मालगाडी हलवली नाई," असं ते म्हणत. नव्या इंजिनांत पायऱ्याच नाहीत, सगळं आपोआप सुरळीत चढतं, हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्याबद्दल त्यांना अजिबात खंत नव्हती. जी-फाइव्हच्या केबिनमध्ये उन्हाळ्यात माणूस शिजायचा. लघवीची सोय नव्हती. नव्या इंजिनात ड्रायव्हरला बसायला नीट खुर्ची आहे, म्हणून त्यांना ते इंजिन आवडायचं. पुढे मोठी इंजिनं आली तशी जी-फाइव्ह लांबच्या मालगाड्यांवरून उतरली, मग घाटात मागून रेटा द्यायला, यार्डात डबे हलवायला, अशी बाजूला होत गेली. इंजिनाचं वय पस्तीस वर्षं धरलेलं असतं. त्यांचीही नोकरी साधारण तेवढीच झाली. हे मी म्हणालो, त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

त्यांच्या बोलण्यातली एक सवय मात्र गल्लीने उचलली होती. कमलबाई म्हणाल्या, "गॅस बंद," की देवराव म्हणायचे, "गॅस बंद." त्यांनी म्हटलं नाही तर कमलबाई पुन्हा म्हणायच्या. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा, ही इंजिनातली शिस्त घरात उतरलेली. कमलबाई माहेरी गेल्या की देवराव गॅस बंद करून भिंतीपलीकडून माझ्या बायकोला सांगायचे आणि ती पोळ्या लाटता लाटता "बंद, काकाजी" म्हणायची. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर आमच्याही घरात ते सुरू झालं.

पण मला सांगायचं आहे ते चावीबद्दल.

जी-फाइव्हच्या पोटात एक जाळीची खोली असते, जिवंत विजेची. तिच्यात काही बिघडलं तर ड्रायव्हरला आत जावं लागतं. पण खोलीचं दार उघडायला चावी लागते, आणि ती चावी एका पेटीत अडकलेली असते. ती सुटायला आधी दुसरी एक चावी घालावी लागते: पेंटोची. पेंटो म्हणजे छतावरचा तो हात, जो तारेला टेकून वीज घेतो. पेंटो खाली केला तरच त्याची चावी बाहेर येते. ती पेटीत घालून मोठा दांडा फिरवला की इंजिनातली उरलीसुरली वीज जमिनीत जाते, आणि तेव्हाच खोलीची चावी हातात येते. आता उलटं पाहा. माणूस आत असेपर्यंत दार उघडं. दार उघडं असेपर्यंत खोलीची चावी परत बसत नाही. ती बसल्याशिवाय पेंटोची चावी सुटत नाही. आणि ती नसेल तर बाहेर कोणीही कितीही घाई केली तरी पेंटो वर जात नाही.

"ज्यानं हे बनवलं ना मुनीमजी," देवराव म्हणाले, "त्यानं माणसाच्या अकलेवर काईच सोडलं नाई. तो मले भेटला असता तर पाय धरले असते."

एवढं सांगून ते थांबले नसते तर मी पुढचं विचारलं नसतं. त्यांच्याबरोबर नारायण नावाचा असिस्टंट होता, लग्न ठरलेला. एका यार्डात गाडी उभी होती. छतावर वाऱ्याने उडालेली ताडपत्री अडकली होती. नारायणने पेंटो खाली केला, चावी खिशात घातली आणि शिडीने वर गेला. देवराव तेव्हा कागदावर सही घ्यायला पलीकडे गेले होते. "इंजिन मेलेलं होतं," ते म्हणाले. "चावी त्याच्या खिशात होती. थे इंजिनाची चावी होती. तारेची नोहोय." छतावर जायचं तर तारेची वीज बंद करून घ्यावी लागते, त्याची वेगळी परवानगी असते. हे नारायणला पाठ होतं. पण आपण विझवलं म्हणजे सगळं विझलं, असं त्या शेवटच्या क्षणी त्याला वाटलं. देवरावांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली. त्या दिवशी पंखा एकवरच राहिला.

मग आमच्या मार्गावर खांब उभे राहिले, तार ओढली गेली, आणि एक दिवस स्टेशनावर आणि गेटांवर तीन भाषांत फलक लागले की तारेत वीज सोडली आहे, जवळ जाऊ नये. पहिली विजेची मालगाडी बघायला गल्लीतली माणसं गेली. देवराव गेले नाहीत. ते आमच्या जिनिंगच्या अलीकडच्या रेल्वे गेटवर गेले होते. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

गेटच्या दोन्ही बाजूंना रेल्वेने उंचीची लोखंडी कमान बसवली होती, जास्त उंच भरलेली गाडी तिलाच अडावी म्हणून. आमच्याकडे कापसाच्या गाड्या कशा भरतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. पिकअप असो की ट्रॅक्टर, कापूस दोन्ही बाजूंनी फुगतो, आणि वर माणसं बसतात: मालक, वेचणाऱ्या बाया, वजन करायला आलेला मेहुणा. देवरावांनी पाहिलं होतं की कमान आली की वरची माणसं कापसावर आडवी पडतात, कमान डोक्यावरून गेली की हसत उठून बसतात. आणि कमानीनंतर लगेच तार.

"थे कमानीले भेतेत," देवराव म्हणाले. "कमान त्यायले दिसते. तार त्यायले दोरी वाटते."

हात लागायलाच पाहिजे असंही नाही, जवळ गेलं तरी वीज उडी घेते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जणू मीच कापसावर बसणार होतो. मी त्यांना आमच्या शेठजींकडे घेऊन गेलो. शेठजींनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले की वर माणसं असलेली गाडी घ्यायची नाही असा नियम मी केला तर शेतकरी पुढच्या जिनिंगला जाईल. तो तिथेही तसाच जाईल, मग माझा नियम कोणाच्या कामाचा? बाहेर येताना देवराव म्हणाले, "बरोबर बोलला तो. गेट एक हाये, जिनिंगा बऱ्याच."

दुसऱ्या दिवसापासून ते कमानीच्या अलीकडे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. गाडी आली की उठायचे, ड्रायव्हरच्या खिडकीशी जायचे आणि हात पुढे करायचे. इंजिन बंद, चावी माझ्या हातात. वरची माणसं उतरली, पायी गेटपलीकडे गेली, की चावी परत. गाडी ओलांडायची, पलीकडे माणसं पुन्हा चढायची. कोणाला ते पंचवीस हजार व्होल्ट सांगत बसले नाहीत. सांगून उतरणारा माणूस सांगितल्याशिवायही उतरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिले काही दिवस वाईट गेले. मागे गाड्यांची रांग लागायची, भोंगे वाजायचे. नार्नूरकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "तू कोन बे? रेल्वेचा जावई?" देवराव म्हणाले, "जावई नाई. पेन्शनर." सगळे हसले, तोही हसला, आणि हसता हसता त्याने चावी दिली. गेटवाला तेलुगू होता. तो त्यांना 'पेद्दायना' म्हणायचा, म्हणजे थोरले. आधी तो म्हणाला, मी गाड्या बघू की माणसं? नंतर दुपारी ऊन चढलं की तोच खुर्ची उचलून सावलीत ठेवू लागला.

माझा धाकटा भाऊ सुधाकर तलमडगूकडे आमची शेती करतो. तो त्या हंगामात पहिल्यांदा कापूस घेऊन आला, तेव्हा मी जेवायला घरी निघालो होतो आणि गेटवर पोहोचलो होतो. पिकअप शेजाऱ्याची, तोच चालवत होता. वर सुधाकर आणि तीन बाया. चावी देवरावांच्या मुठीत गेली होती. बाया उतरल्या. सुधाकर उतरेना.

"काकाजी, द्या ना चावी. गेट पडन आता."

"उतर."

"अवो, लाईट नाई हाये. सकायपासून गेली हाये. जिनिंगबी बंद हाये, तो पाहा भाऊ उभा, इचारा त्याले."

तो खरं सांगत होता. सकाळपासून वीज नव्हती, आमच्या मशिनी बंद होत्या. आणि आमच्या भागात शेतीची वीज ठरलेले तास येते, ठरलेली नसतानाही जाते. गेली म्हणजे सगळीकडची गेली, हे आम्ही लहानपणापासून धरून चालतो. मला स्वतःलाही, खरं सांगतो, क्षणभर वाटलं की आज जाऊ द्यायला हरकत नसावी.

देवरावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वर सुधाकरकडे पाहत, तारेकडे बोट दाखवून म्हणाले, "तुह्या घरची गेली. हिची नाई गेली. हिची येगळी येते."

"तुमी काऊन एवढी जिद्द करून राह्यले?"

देवराव चावी सदऱ्याच्या खिशात टाकून खुर्चीत बसले.

गेटवाल्याच्या खोलीच्या छपरावर वानरांची टोळी होती. ती रोजच असायची. त्यातलं एक मोठं वानर छपरावरून खांबाकडे झेपावलं. एरवी ती खांबाच्या अलीकडच्या चिंचेवर जात असावीत. पण तारेला लागतात म्हणून त्या फांद्या रेल्वेने छाटल्या होत्या. वानराने खांबाचा आडवा हात धरला आणि त्याची शेपटी तारेकडे गेली. मी प्रकाश आधी पाहिला की आवाज आधी ऐकला ते सांगता येत नाही. भर दुपारी डोळ्यांपुढे पांढरं झालं. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, आणि वानर खडीवर पडलं.

सुधाकर कापसावरून खाली आला, कसा आला ते त्यालाही आठवत नाही, आणि गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला. त्याच्या शर्टाला, केसांना कापूस लागला होता. इथे मारुती म्हणून वानराला मानतात, म्हणून दोघं-तिघं खडीकडे धावले. देवराव त्यांच्या आधी तिथे पोहोचले होते, दोन्ही हात पसरून, रस्त्याकडे तोंड करून. गेटवाल्याने फोन केला, रेल्वेची माणसं आली, तोपर्यंत त्यांनी एकालाही पुढे येऊ दिलं नाही. मग वानराला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नाल्याच्या बाजूला खड्डा केला. त्याच्यावर पांघरायला देवरावांनी खांद्यावरची दस्ती दिली.

हे सगळं झाल्यावर ते सुधाकरजवळ आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी त्याच्या केसांतला कापूस काढला, ड्रायव्हरला चावी दिली आणि सुधाकरला म्हणाले, "चाल. पायी चाल माह्यासंगं."

त्याच संध्याकाळी मी शेठजींना जे पाहिलं ते सांगितलं. कोण उतरत नव्हतं तेही सांगितलं. शेठजींनी दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावर माणूस ठेवला आणि सांगितलं की वर माणूस असलेली गाडी वजनकाट्यावर घ्यायची नाही. पुढच्या दोन जिनिंगवाल्यांनाही स्वतः जाऊन भेटले. तरी देवराव खुर्चीवर येतच राहिले. नियम काट्यावर आहे, तार इथे आहे, असं ते म्हणत. त्या हंगामात आमच्या गेटवर एकाही माणसाला काही झालं नाही. याचा हिशेब कुठे मांडत नाहीत. न झालेल्या गोष्टीला रकाना नसतो. सुधाकर दिवाळीला घरी येतो, त्याच्या मुली माझ्या अंगणात पकडापकडी खेळतात, तेव्हा तो रकाना मला दिसतो.

पुढच्या उन्हाळ्यात देवराव गुडघ्याच्या उपचाराला मंचिर्यालला मुलीकडे गेले आणि तिथेच हृदयविकाराने वारले. कमलबाई आता मुलीकडेच असतात. गेटच्या जागी रुळांखालून रस्ता काढायचं काम सुरू आहे. तो झाला की तारेखालून गाडी न्यायचा प्रश्नच उरणार नाही.

गेटवर मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हंगामाच्या अखेरीस, दुपारीच. इंद्रवेल्लीकडून एक ट्रॅक्टर आला होता. वर सगळ्यात शेवटी एक म्हातारी बाई राहिली होती. तिला उतरता येईना. देवरावांनी चावी दातांत धरली, दोन्ही हात वर केले आणि तिला खाली घेतलं. ती त्यांच्यावर करवादली, "उतरवलं खरं, आता पुन्हा कोन चढवन मले?" त्यांच्या तोंडात चावी होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. चावी ड्रायव्हरला दिली, ट्रॅक्टर पुढे गेला, आणि ते तिचं गाठोडं घेऊन तिच्या चालीने, तिच्या शेजारून, रूळ ओलांडून गेले. पलीकडे ट्रॅक्टर थांबला होता. म्हातारीने ट्रॉलीच्या कडेला हात घातला, पण पाय पोहोचेना. तेव्हा देवरावांनी आपला दुखरा गुडघा रस्त्यावर टेकला, दुसरा पुढे केला आणि त्यावर हाताने थोपटलं. मी माझी स्कूटर उभी करून मदतीला निघालो तोवर तिने धुळीने भरलेला पाय त्यांच्या मांडीवर ठेवला होता, आणि ते खालूनच म्हणत होते, "सावकाश, बाई. एक पायरी झाली. आता दुसरी."